'बॅटरी पॅक बदला' असा कोड आला म्हणून लगेच पॅक बदलू नका: जुन्या हायब्रिड गाडीची बॅटरी कशी तपासायची

मागच्या मागच्या मे महिन्यातली गोष्ट. वैभववाडीकडनं करूळ घाट चढत होतो, गाडीत आई, बायको, पोरगं आणि डिकीत आंब्याच्या चार पेट्या, आणि अर्ध्या घाटात डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला, खाली हायब्रिड सिस्टीम तपासा असा मेसेज, मागच्या सीटजवळनं फॅनचा घरघर आवाज आणि गाडीतली ताकद अर्ध्यावर. कशीबशी गगनबावड्याला आणली, अर्धा तास सावलीत उभी केली, मग हळूहळू कोल्हापूर गाठलं. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला नेली, त्यांनी स्कॅनर लावला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "साहेब, पॅक गेलाय, नवीनच टाकायला लागंल." जो आकडा सांगितला त्यात एक बरी सेकंडहँड गाडी आली असती.

त्यानंतर वर्षभर मी या विषयाच्या मागं लागलो, वाचलं, लोकांना विचारलं, स्वतः मोजलं, आणि जे कळलं ते इथं सोप्या भाषेत लिहितोय, कारण आपल्याकडं आता अशा दहा-बारा वर्षं जुन्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हीवर चालणाऱ्या, गाड्या सेकंडहँड बाजारात चांगल्या भावात मिळतात, लोक हौसेनं घेतात, आणि पहिला लाल त्रिकोण आला की घाबरून एकतर गाडी मातीमोल विकतात नाहीतर न बघता पैसे भरतात.

आधी कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते सांगतो. भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ ला आली, टोयोटा प्रियस २०१० ला, कॅमरी हायब्रिड २०१३ ला. या गाड्यांत खरोखरची हाय व्होल्टेज बॅटरी असते, निकेल मेटल हायड्राइड प्रकारची. मारुतीच्या सियाझ किंवा अर्टिगावर एसएचव्हीएस लिहिलेलं असतं ती गोष्ट वेगळी, त्यात असा शेकडो व्होल्टचा पॅक नसतोच, त्यामुळं पुढचं सगळं त्या गाड्यांना लागू नाही. आणि नवीन हायरायडर, ग्रँड विटारा लिथियम-आयनवर चालतात, त्यांचंही गणित जरा निराळं.

आता पॅक म्हणजे काय ते बघू. उदाहरणाला प्रियस घेतो. त्यात एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे टॉर्चमध्ये घालायच्या रिचार्जेबल सेलचाच भाऊबंद. असे ६ सेल एका प्लॅस्टिकच्या चपट्या डब्यात, त्याला मॉड्यूल म्हणतात, ते झालं ७.२ व्होल्टचं. आणि अशी २८ मॉड्यूल पुस्तकांसारखी ओळीनं उभी लावून दोन्ही टोकांना घट्ट आवळलेली. १६८ सेल, सगळे एकामागं एक जोडलेले, बेरीज २०१.६ व्होल्ट. कॅमरी हायब्रिडला हेच सेल २०४ आहेत, २४४.८ व्होल्ट. सिव्हिकचा पॅक १५८ व्होल्टच्या आसपासचा. गाडी कुठलीही असो, एकामागं एक जोडणी हा सगळ्यांचा समान धागा, आणि सगळी भानगड तिथंच आहे.

स्लॅब टाकताना खालपासून वरपर्यंत माणसांची रांग लागलेली आठवा, घमेलं हातोहात वर जातंय. रांगेत २८ जण आहेत, २७ जण धडधाकट, आणि मधला एक तापानं फणफणलेला. स्लॅबचा वेग कुणाचा राहणार? त्या एकाचाच. त्याच्याजवळ घमेली तुंबणार, तो अजून दमणार, आणि मुकादम लांबनं बघून म्हणणार की ही टोळीच बदला. तुमच्या डॅशबोर्डवरचा लाल त्रिकोण म्हणजे तो मुकादम आहे. तो चुकीचं बोलत नाही, काम खरंच अडलेलं असतं, पण कोण अडलाय आणि कशानं आजारी पडलाय हे त्याच्या एका वाक्यात नसतं.

सेलच्या भाषेत सांगायचं तर, म्हातारा झालेला सेल इतरांपेक्षा लवकर रिकामा होतो आणि लवकर भरतो. गाडी घाट चढताना बाकीचे अजून अर्धे भरलेले असताना हा तळाला गेलेला असतो, तरी त्याच्यातनं करंट ओढला जातो, कारण दुसरी वाटच नाही. उतारावर ब्रेक मारताना बॅटरी चार्ज होते तेव्हा बाकीचे अर्धेच भरलेले आणि हा काठोकाठ, मग जास्तीची वीज उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे चढताना उपाशी, उतरताना अजीर्ण, आणि दोन्ही वेळेला गरम. उष्णतेनं अजून कमजोर. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

गाडीचा कॉम्प्युटर एकेक सेल मोजत नाही. प्रियसमध्ये दोन-दोन मॉड्यूलची जोडी करून १४ ब्लॉक मानलेत आणि प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज मोजायला एकेक बारीक तार गेलेली आहे. ब्लॉकाब्लॉकांतला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की कॉम्प्युटर पी०ए८० हा बिघाडाचा कोड टाकतो. या कोडचं अधिकृत नावच 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला' असं आहे. गॅरेजवाला स्क्रीनवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवतो, त्यात त्याचा दोष कमी आणि त्या नावाचा जास्त. पण खरं बघायला गेलं तर त्या कोडचा अर्थ एवढाच की ब्लॉकांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. का जुळत नाहीत हे शोधायला अजून काही पायऱ्या आहेत आणि त्या स्वस्तापासनं महागाकडं चढत जायच्या.

पहिली पायरी बारा व्होल्टची साधी बॅटरी. माझा एक मित्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर वायंडिंगचं काम करतोय, त्याला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न हाच, "भावा, आधी बाराची बॅटरी बघितलीस काय?" मला वाटलं मी एवढ्या मोठ्या पॅकची गोष्ट सांगतोय आणि हा काय छोट्या बॅटरीचं विचारतोय. पण तो बरोबर होता. हायब्रिडमध्ये सगळे कॉम्प्युटर या छोट्या बॅटरीवर उठतात आणि मोठा पॅक गाडीला जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, सुद्धा हिच्याच जोरावर जोडले जातात, ही कमजोर असली की कॉम्प्युटर अर्धवट झोपेत उठतो आणि कसलेही कोड टाकतो, ब्रेकचे, स्टिअरिंगचे, हायब्रिडचे, सगळे एकदम. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टीमीटर लावा, १२.६ च्या आसपास असेल तर ठीक, १२ च्या खाली असेल तर आधी ती बघा. गाडी रेडीमध्ये आल्यावर, म्हणजे डॅशबोर्डवर 'रेडी' दिसल्यावर, १४ च्या जवळपास आकडा दिसला पाहिजे, कारण या गाड्यांत अल्टरनेटर नसतो, मोठा पॅकच कन्व्हर्टरमधनं छोट्या बॅटरीला चार्ज करतो. आणि बदलायची वेळ आलीच तर, प्रियससारखी डिकीत बॅटरी असलेल्या गाड्यांना एजीएम प्रकारची आणि गॅस बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशीच बॅटरी लागते, कोपऱ्यावरच्या दुकानातली कुठलीही उचलून बसवायची नाही, कारण गॅस केबिनमध्ये येतो.

दुसरी पायरी कोड नीट वाचायची. साध्या स्वस्त स्कॅनरला फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरचे कोड दिसतात, हायब्रिडचा आणि बॅटरीचा कॉम्प्युटर वेगळा असतो, तिथले कोड दिसतच नाहीत, मग माणूस म्हणतो स्कॅनरमध्ये काहीच नाही आणि त्रिकोण तर पेटलेलाच. त्यामुळं हायब्रिड वाचणारा स्कॅनर हवा, किंवा ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावायचा, आणि मोबाईलवर डॉक्टर प्रियससारखं ॲप, ज्यात एकेक ब्लॉक दिसतो. आणि एक विनंती, कोड आधी लिहून घ्या, फोटो काढा, मगच क्लिअर करा. खूप ठिकाणी पहिलं काम कोड पुसण्याचं करतात. कोडबरोबर तीन आकडी उपकोड आणि त्या क्षणाचे आकडे, म्हणजे तापमान किती होतं, बॅटरी किती भरलेली होती, करंट किती होता, हे सगळं साठवलेलं असतं, ते पुसलं की पुरावा गेला. माझ्या गाडीत बॅटरीचं तापमान ५४ डिग्री साठवलेलं होतं आणि त्या एका आकड्यानं पुढचा सगळा रस्ता दाखवला. आणि हो, अडॅप्टर काम झाल्यावर काढून ठेवायचा, कायम लावून ठेवला तर तोच बाराच्या बॅटरीला हळूहळू पितो.

आता तिसरी पायरी, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात जास्त पॅक याच कारणानं मरत असणार. हा पॅक थंड ठेवायला एक फॅन असतो आणि तो हवा केबिनमधनंच ओढतो, मागच्या सीटजवळ एक जाळी असते, प्रियसमध्ये सीटच्या कडेला. लोकांना ती स्पीकरची जाळी वाटते. तिच्यावर पिशव्या ठेवतात, उशी ठेवतात, पोरांचं दप्तर टेकवतात. माझ्या डिकीत आणि मागच्या सीटवर त्या दिवशी काय काय कोंबलेलं होतं ते आठवून आता वाईट वाटतंय.

पण खरं कारण त्याहून आतलं निघालं. जाळी काढून आतला फॅन बाहेर घेतला तर पाती गुलाबी. आम्ही दरवर्षी चैत्रात जोतिबाला जातो, यात्रेत डोक्यापासनं पायापर्यंत गुलाल होतो, तसेच गाडीत बसून घरी येतो, सीट पुसतो, मॅट झटकतो, आणि वाटतं झालं गाडी स्वच्छ. तो बारीक गुलाल हवेत तरंगत राहतो आणि हा फॅन व्हॅक्यूम क्लीनरसारखा तो ओढत बसतो. त्याला थोडा ओलावा लागला, वरनं कपड्यांचे तंतू आणि रस्त्याची धूळ, की पात्यांवर थर जमतो, फेल्टच्या कापडासारखा. माझ्या फॅनच्या पात्यांमधल्या फटी जवळजवळ बुजलेल्या होत्या. फॅन फिरत होता, आवाज जोरात येत होता, पण हवा जात नव्हती. म्हणून फॅनचा आवाज वाढणं हे चांगलं लक्षण समजू नका, कॉम्प्युटर आतनं तापलेला पॅक बघून फॅनला अजून जोरात पळवतोय असा त्याचा अर्थ.

निकेल मेटल हायड्राइडला उष्णतेचं वावडं आहे. गरम झाली की चार्ज नीट घेत नाही, जी वीज आत जायची ती पुन्हा उष्णता होते, आणि सेलचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. त्यातही ओळीतल्या मधल्या मॉड्यूलना दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची ऊब, टोकाच्यांना तेवढी नाही, त्यामुळं बहुतेक वेळा मधली मॉड्यूल आधी जातात. साफ करायला मऊ ब्रश आणि कमी प्रेशरची हवा, पाणी अजिबात नाही. गाडी बंद करून, बाराच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढून, फक्त फॅन आणि त्याची हवेची नळी काढायची, पॅकच्या कव्हरला हात लावायचा नाही. काही गाड्यांत जाळीमागं छोटा फिल्टर असतो, तो बदलता येतो.

फॅन साफ केला, कोड क्लिअर केला, आणि त्रिकोण गेला. पण इथंच थांबलो असतो तर फसलो असतो, कारण आजारी पडलेला माणूस खोलीत पंखा लावल्यावर बरं वाटतं म्हणाला तरी ताप गेलाय का ते मोजावं लागतं. त्यासाठी चौथी पायरी, ब्लॉकचं व्होल्टेज.

गाडी उभी असताना ब्लॉक मोजले तर बहुतेक सगळे चांगलेच दिसतात. प्रियसच्या हिशेबानं एकेक ब्लॉक १५-१६ व्होल्टच्या आसपास, आपसात फरक ०.२-०.३ च्या आत. या आकड्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या घरातला गंजलेला नळ बंद असताना पाईपमध्ये पाणी भरलेलंच असतं, नळ सोडल्यावर कळतं की धार करंगळीएवढी आहे. कमजोर सेलचा आतला रोध, म्हणजे रेझिस्टन्स, वाढलेला असतो, तो करंट वाहायला लागल्यावरच दिसतो. म्हणून मोजायचं ते चालत्या गाडीत, चढावर आणि उतारावर.

आपल्याला त्यासाठी कुठं लांब जायला नको, पन्हाळा आहेच. वीसेक किलोमीटरवर, शेवटचा टप्पा चांगला चढाचा. सकाळी लवकर निघायचं, रस्ता मोकळा असताना, आणि गाडी चालवणारा एक, मोबाईल बघणारा दुसरा, हे नक्की, स्वतः स्टिअरिंग धरून आकडे बघत बसू नका. चढावर थोडा वेळ जोरात ॲक्सिलरेटर द्यायचा, बॅटरी मोटरला मदत करायला लागली की सगळे ब्लॉक खाली येतात, हे बरोबरच आहे. बघायचं एवढंच की सगळे बरोबरीनं खाली येतात का. एखादा ब्लॉक इतरांपेक्षा व्होल्टभर किंवा जास्त खाली लोंबकळत असेल तर तिथं गडबड आहे. साधा हिशेब, एक सेल १.२ व्होल्टचा, त्यामुळं फरक सव्वा व्होल्टच्या जवळ गेला तर त्या ब्लॉकमधला एक सेल मेल्यातच जमा. मग उतारावर उलटं बघायचं, ब्रेकनं चार्ज होताना तोच ब्लॉक इतरांच्या वर उडी मारतो का. चढावर सगळ्यात खाली आणि उतारावर सगळ्यात वर, असा एकच ब्लॉक दोन्हीकडं सापडला तर रोध वाढल्याची खूण झाली.

डॅशबोर्डवरच्या चार्जच्या पट्ट्या सुद्धा बघत राहा. चांगल्या पॅकच्या पट्ट्या सावकाश वर-खाली होतात. थकलेला पॅक पन्हाळा उतरताना दोन वळणांत फुल्ल होतो आणि खाली सपाटीला आल्यावर दोन सिग्नलमध्ये तळाला जातो. मायलेज पडणं, तावडे हॉटेलच्या सिग्नलला उभं असताना सुद्धा इंजिन सारखं सुरू होणं, ही त्याच्या आधीची लक्षणं. मी ती चार महिने बघत होतो आणि पेट्रोलला नावं ठेवत होतो.

ब्लॉक कमजोर दिसला म्हणजे मॉड्यूलच गेलं असंही नाही बरं का. मॉड्यूल एकमेकांना तांब्याच्या पट्ट्यांनी जोडलेली असतात आणि दमट हवेत त्या पट्ट्यांवर हिरवट-काळा थर चढतो, आपल्या देवघरातल्या तांब्याच्या पळीवर चढतो तसाच. आपल्याकडचा पावसाळा आणि कोकणातल्या फेऱ्या, त्यामुळं हे होतंच. जोड खराब झाला की तिथं रोध वाढतो आणि कॉम्प्युटरला वाटतं ब्लॉक कमजोर. तसंच मोजणीच्या बारीक तारा. शेजारशेजारचे दोन ब्लॉक असे दिसले की एक जेवढा कमी तेवढाच दुसरा जास्त, तर मॉड्यूलआधी त्या दोघांच्या मधल्या तारेवर आणि तिच्या जोडावर संशय घ्यायचा, कारण ती तार दोघांची सामाईक असते. पट्ट्या साफ करून, तारेचा सेट बदलून पॅक पुन्हा वर्षानुवर्षं चाललेली उदाहरणं आहेत. पण हे काम पॅक उघडूनच होतं, आणि तिथं मी थांबा म्हणणार.

कारण हा २०० व्होल्ट डीसी आहे. याचा झटका जिवावर बेतू शकतो, आणि जोड सुटला तर ठिणगी सहज विझत नाही. केशरी रंगाच्या केबल दिसल्या की हात मागं. पॅकवर एक सर्व्हिस प्लग असतो, तो ओढल्यावर सर्किट मधनं तुटतं, तरी इन्व्हर्टरमधल्या, म्हणजे पॅकची वीज मोटरला चालेल अशी करणाऱ्या पेटीतल्या, कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते म्हणून निदान १० मिनिटं थांबायचं आणि मग मीटरनं शून्य बघूनच पुढं जायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्लग काढला तरी पॅक मरत नाही, त्याचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा आपापल्या व्होल्टेजला जिवंतच असतो. १००० व्होल्टचे इन्सुलेटेड हातमोजे, अंगठी-कडं-घड्याळ काढून ठेवणं, आणि शेजारी दुसरा माणूस, एवढं नसेल तर कव्हरच्या स्क्रूला हात लावू नका. आपल्या उद्यमनगरात, शिरोलीत जगातलं कुठलंही मशीन खोलून जोडणारी माणसं आहेत, मला त्यांचा अभिमान आहे, आणि म्हणूनच सांगतोय, लेथवरचा आणि इंजिनवरचा अनुभव कितीही असला तरी हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग वेगळं असतं. काम देण्याआधी हातमोजे दाखवा म्हणून सरळ विचारा.

आता एक वेगळाच कोड, पी०एए६. हा बॅटरी कमजोर असल्याचा कोड नाही, हा गळतीचा कोड आहे. हाय व्होल्टेजच्या दोन्ही तारा गाडीच्या बॉडीपासून पूर्ण वेगळ्या ठेवलेल्या असतात, कुठंतरी वीज बॉडीकडं झिरपायला लागली की हा येतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडं किती गाड्या पाण्यात होत्या ते सगळ्यांना माहिती आहे, हायवेसुद्धा शिरोलीजवळ बंद होता. सीटपर्यंत पाणी आलेली हायब्रिड गाडी वरनं धुऊन पुसून चकाचक दिसते, पण पॅकच्या पेटीत गाळ आणि ओल राहते, आणि काही महिन्यांनी पहिल्या पावसात पी०एए६. सेकंडहँड घेताना पॅकच्या पेटीच्या कडेला, सीटबेल्टच्या मुळाशी, डिकीच्या गालिच्याखाली गाळाची रेघ शोधा.

टोयोटामध्ये याचे उपकोड फार कामाचे. ६११ आला तर एसीचा भाग, ६१२ बॅटरीचा, ६१३ गिअरबॉक्स-मोटरचा, ६१४ हाय व्होल्टेजच्या डीसी तारांचा. ६११ ची गंमत अशी की हायब्रिडमधला एसी काँप्रेसर विजेच्या मोटरवर चालतो आणि ती मोटर काँप्रेसरच्या ऑइलमध्येच बुडालेली असते, त्यामुळं तिथं वीज न वाहू देणारं एनडी-११ प्रकारचं ऑइल लागतं. एसीवाल्यानं नेहमीच्या सवयीनं साध्या गाडीचं पॅग ऑइल मारलं की इन्सुलेशन खाली येतं आणि कोड हायब्रिडचा येतो. एसीचं काम झालं आणि पंधरा दिवसांत त्रिकोण पेटला तर पॅककडं जायच्या आधी हे आठवा.

तसाच पी०ए९३. हा इन्व्हर्टरच्या कूलंटचा, बहुतेक वेळा छोटा विजेचा पंप बंद पडलेला असतो. गाडी रेडीमध्ये ठेवून इन्व्हर्टरच्या कूलंटच्या टाकीत बघा, पाणी हलताना दिसलं पाहिजे. शांत असेल तर पंप बघा. पॅकचा याच्याशी काही संबंध नाही.

आणि समजा सगळं तपासून झालं, मॉड्यूल खरंच गेलंय, मग काय? तीन रस्ते आहेत आणि तिन्ही मी जवळनं बघितलेत. पहिला, खराब मॉड्यूल काढून जुन्या पॅकमधलं चांगलं बसवायचं. स्वस्त पडतं, पण घमेल्याच्या रांगेत एक तरणाताठा माणूस आणला तरी बाकीचे २७ जण तेवढेच दमलेले असतात. मी हे केलं. सात महिने चाललं, मग दुसरा ब्लॉक गेला. दुसरा रस्ता, सगळी मॉड्यूल काढून सावकाश चार्ज-डिस्चार्जच्या काही फेऱ्या करून एकसारखी करायची, ज्याला रिकंडिशनिंग म्हणतात. त्यानं विस्कटलेली मॉड्यूल बरोबरीला येतात, थोडी ताकदही परत येते, पण आतलं रसायन सुकलेलं असेल तर ते परत भरत नाही. आणि हे करताना मॉड्यूल दोन पाट्यांमध्ये आवळूनच ठेवावी लागतात, सुटी ठेवून चार्ज केली की फुगतात, एकदा फुगलेलं मॉड्यूल परत वापरू नये. तिसरा रस्ता नवीन सेलचा पूर्ण पॅक. महाग आहे, पण गाडी अजून पाच-सात वर्षं ठेवायची असेल तर माझं मत याच बाजूला. गाडी वर्षभरात विकायचीच असेल तर पहिला रस्ता चालेल, फक्त घेणाऱ्याला खरं सांगून विका.

मी शेवटी नवीन पॅक टाकला. म्हणजे गॅरेजवाल्यानं पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं तेच केलं म्हणा. पण त्या दिवशीच टाकला असता तर तो गुलालानं बुजलेल्या फॅनसमोर बसला असता, आणि पहिला ज्या उष्णतेनं मेला त्याच उष्णतेत नवीनही भाजत राहिला असता. फॅनकडं त्या दिवशी कुणीच बघितलं नव्हतं, मी पण नाही.

जुना पॅक भंगारवाल्याला द्यायचा नाही हे मात्र आधीच ठरवलं होतं. तो फोडताना ठिणगी उडू शकते, आतलं रसायन क्षाराचं, कातडी जाळणारं, अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवत राहायचं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणं जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, त्यामुळं नवीन पॅक घेतानाच जुना परत कोण आणि कसा नेणार ते लिहून घ्या. माझा नवीन पॅक देणाऱ्यांनीच नेला, आणि मी त्यातलं एकही मॉड्यूल शोभेला म्हणून ठेवलं नाही, पोरगं मागत होतं तरी.

आता यात्रेहून येताना गाडीत बसायच्या आधी सगळ्यांनी कपडे झटकायचे, मागच्या सीटवर जुनी चादर अंथरायची, आणि त्या रविवारी जाळी काढून फॅन बघायचा. आई म्हणते देवाचा गुलाल कशाला झटकायचा रे, मी म्हणतो आई, कपाळाचा राहू दे, बाकीचा तिथंच झटकू. गाडी महिनाभर वापरात नसली तरी आठवड्यातनं एकदा अर्धा तास रेडीमध्ये ठेवतो, कारण हे सेल नुसते पडून राहिले तरी हळूहळू उतरतात, आणि टोयोटाच्या पद्धतीत इंजिन सुरू करायला वेगळा स्टार्टर नसतो, मोठा पॅक पूर्ण बसला की गाडी जागची हलत नाही. आणि वर्षातनं दोनदा पन्हाळा, एकदा उन्हाळ्यात, एकदा दिवाळीनंतर. बायको शेजारी बसून चौदा-पंधरा आकडे वहीत लिहिते, तारीख, तापमान, सगळ्यात कमी ब्लॉक, सगळ्यात जास्त ब्लॉक. मागच्या वेळेला चढावर फरक ०.२ होता.